बीपीचं काम जवळच्या दवाखान्याचं

वाचकांचे प्रश्न, फॅमिली डॉक्टरची उत्तरं

मागच्या अंकात ‘ब्लड प्रेशरबद्दलचे प्रश्न पाठवा’ असं लिहिलं आणि पत्रांचा गठ्ठाच आला. सगळी वाचली. सगळ्यांना इथे उत्तर देणं शक्य नाही, म्हणून ज्यांच्या प्रश्नात बाकीच्यांचाही प्रश्न आला आहे अशी पत्रं निवडली. बऱ्याच पत्रांच्या शेवटी एकच विचारणा आहे: ‘आता मोठ्या डॉक्टरांना दाखवावं का?’ पर्वतीच्या पायथ्याशी माझा साधा दवाखाना आहे आणि बीपीचे पेशंट हे माझं रोजचं काम. त्या जोरावर ठामपणे सांगते, बहुतेकांचं बीपी घराजवळच्या दवाखान्यातच ताब्यात येऊ शकतं. येत नसेल तर त्याचं कारण बहुतेक वेळा मोजण्यात किंवा पाठपुराव्यात सापडतं.

दवाखान्यात माझं बीपी १५६/९४ येतं. मुलाने घरी आणलेल्या मशीनवर १३२/८२. एक गोळी चालू आहे, डॉक्टर दुसरी वाढवू म्हणतात. खरं कुठलं मानू?
– निवृत्त शिक्षिका, कोथरूड

बाई, आकडा खरा की खोटा हे ठरवण्याआधी तो कसा घेतला ते बघू. तुमचा नंबर पुकारला, तुम्ही लगबगीने आत गेलात, खुर्चीवर टेकता न टेकता तोच पट्टा गुंडाळला गेला, तोही स्वेटरच्या बाहीवरून. पट्ट्यात हवा भरत असताना ‘झोप कशी आहे, गुडघे काय म्हणतात’ हे चालूच. हात अधांतरी. आणि नंबर जाईल म्हणून त्याआधी बाहेरच्या बाकावर लघवी दाबून बसलेलं. असं बीपी मी पुष्कळ ठिकाणी घेतलं जाताना पाहिलंय. नुसतं बोलत राहिलं तरी वरचा आकडा दहाने सहज चढतो. लघवी तुंबलेली असली तरी चढतो. दंड भरलेला आणि पट्टा लहान असेल तर आणखी चढतो. अशा आकड्यावर कुणाची गोळी वाढवू नये.

आमच्याकडे बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात एक पाठीची खुर्ची आणि तिच्या उजव्या हाताला टेबल आहे. नाव लिहिलं की पेशंटला माझ्या मदतनीस ताई आधी बाथरूमला जाऊन यायला सांगतात, मग त्या खुर्चीत बसवतात. पाठ टेकलेली, दोन्ही पावलं जमिनीवर, मांडीवर मांडी नाही. पाच मिनिटं कुणाशी बोलायचं नाही, मोबाइलही पिशवीत. त्या आधीच्या अर्ध्या तासात चहा, कॉफी, तंबाखू नाही. मग बाही वर करून उघड्या दंडावर पट्टा, हात टेबलावर छातीच्या पातळीला, आणि मिनिटाभराच्या अंतराने दोन वेळा मोजणं. दोन आकड्यांत बराच फरक आला तर तिसऱ्यांदा. पेशंट पहिल्यांदाच आला असेल तर दोन्ही हातांचं घेतात, आणि ज्या हातात जास्त येतं तोच हात पुढे कायम धरतात. हे सगळं माझ्याकडे आत यायच्या आधी झालेलं असतं, त्यामुळे माझा वेळ जात नाही. पहिल्या पाच मिनिटांच्या त्या गप्प बसण्यानेच कित्येकांचे आकडे खाली येतात.

तर तुम्ही असं करा. घरचं मशीन दंडावरचं आहे ना, ते बघा. मनगटावरची मशीनं मला भरवशाची वाटत नाहीत. मशीन पिशवीत घालून दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांच्या मशीनशी एकदा ताडून पाहा. मग आठवडाभर सकाळी गोळी घेण्याआधी आणि रात्री झोपण्याआधी, दर वेळी दोनदा, वर सांगितलं तसं बसून मोजा आणि वहीत मांडा. आलेला प्रत्येक आकडा लिहायचा, जास्त आला म्हणून गाळायचा नाही. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. गणित तुम्हाला शिकवायला नको. बीपी जास्त मानायची रेषा घरच्या मोजमापात दवाखान्यापेक्षा खाली धरतात: दवाखान्यातलं १४०/९० म्हणजे घरचं १३५/८५. तुमची सरासरी १३२/८२ च्या आसपासच राहिली तर ती वही डॉक्टरांपुढे ठेवा आणि ‘गोळी वाढवण्याआधी हे बघता का?’ असं सरळ विचारा. कुठल्याही चांगल्या डॉक्टरला या वहीचा राग येणार नाही. मोजणं मात्र सोडू नका, कारण दवाखान्यातच बीपी चढणाऱ्यांपैकी काहींचं पुढे घरीही चढू लागतं.

याच्या उलटही होतं. दवाखान्यात १२८ आणि घरी, ऑफिसात १५०. ही माणसं जास्त धोक्यात असतात, कारण त्यांना कुणी हटकतच नाही.

मी तीन वर्षांपूर्वी धायरीत दवाखाना सुरू केला. बीपीचे पेशंट पुष्कळ आहेत. गोळी सुरू करतो, महिना-दोन महिने येतात आणि गायब होतात. वर्षाने येतात ते १८० घेऊन. संध्याकाळी बाहेर गर्दी असताना प्रत्येकाच्या मागे कसं लागायचं?
– एक डॉक्टर

डॉक्टर, हे पत्र तुम्ही लिहिलंत याचा मला फार आनंद झाला. असा प्रश्न पडलेला डॉक्टर निम्मं काम आधीच करून बसलेला असतो.

आपल्याला कॉलेजात आलेला पेशंट बघायला शिकवलं. न आलेला पेशंट कसा बघायचा हे कुणी शिकवलं नाही, आणि बीपीत खरा पेशंट तोच. दुखत नाही, खुपत नाही, दोन पट्ट्या संपल्या की विषय संपला. त्यामुळे आधी ‘कोण आलं नाही’ हे तुम्हाला दिसलं पाहिजे. माझ्याकडे त्यासाठी कार्डांचा एक डबा आहे, लाकडी, बारा कप्प्यांचा. बीपीच्या प्रत्येक पेशंटचं एक जाड कार्ड: नाव, वय, दोन फोन नंबर (एक स्वतःचा, एक घरातल्या दुसऱ्याचा), प्रत्येक भेटीचं बीपी, चालू गोळ्या, पुढची तारीख. पेशंट येऊन गेला की कार्ड पुढच्या तारखेच्या महिन्यात जातं. महिना सरला की त्या कप्प्यात जी कार्डं मागे राहिली ती न आलेल्यांची. ताई दुपारी निवांत वेळात त्यांना फोन लावतात. रागवायचं नाही, ‘का आला नाहीत’ असंही विचारायचं नाही. ‘गोळ्या संपल्या असतील ना, उद्या येता का?’ एवढंच. कॉम्प्युटरवर हे केलंत तर उत्तमच, पण कॉम्प्युटर येईपर्यंत थांबू नका.

दुसरं, गोळ्यांचा क्रम आधी ठरवून ठेवा आणि कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली सारा. पहिली कोणती, महिन्याने १४०/९० च्या खाली नाही आलं तर दुसरी कोणती, मग तिसरी. ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन या तीन जुन्या, स्वस्त, पारखलेल्या औषधांत बहुतेक पेशंट बसतात. एकाच गोळीचा डोस दुप्पट करण्यापेक्षा वेगळ्या गटातली दुसरी गोळी थोड्या डोसमध्ये जोडली तर बीपी कितीतरी जास्त उतरतं. हा क्रम ठरलेला असला की आपली एक जुनी सवय मोडते. तुम्हालाही ती ओळखीची असेल: बीपी १५२, आपण म्हणतो ‘थोडं जास्त आहे, मीठ कमी करा, पुढच्या वेळी बघू’, आणि पुढच्या वेळीही तेच म्हणतो. नीट मोजलेलं बीपी जास्त आलं आणि गोळ्या खरोखर घेतल्या जात आहेत अशी खात्री झाली, तर त्याच दिवशी औषधात बदल करायचा. वरचं बीपी १० ने उतरलं तर हार्ट ॲटॅक, पक्षाघात यांसारखे मोठे आघात साधारण पाचात एक या प्रमाणात कमी होतात. नुसता पक्षाघात घेतला तर तो साधारण चारात एक. आपल्या हातून होणारं इतकं मोठं काम क्वचितच दुसरं असेल.

हे मी मनचं सांगत नाही. अमेरिकेत उत्तर कॅलिफोर्नियातल्या कैसर पर्मनन्टे या आरोग्यसंस्थेत २००१ साली बीपीच्या पेशंटांपैकी जेमतेम ४४ टक्क्यांचं ताब्यात होतं, २००९ मध्ये ८० टक्क्यांचं. त्यांनी नवं जादूचं औषध काढलं नव्हतं. सगळ्या पेशंटांची एक यादी, सगळ्या डॉक्टरांचा एकच औषधक्रम, दोन औषधं एका गोळीत, आणि औषध बदलल्यावर दोन ते चार आठवड्यांनी नुसतं बीपी मोजायला सहायकाकडे फुकट चक्कर. आपल्याकडेही २०१७ च्या अखेरीस इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह नावाचा उपक्रम सुरू झाला. केंद्र आणि राज्य सरकारं, आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद), जागतिक आरोग्य संघटना त्यात आहेत. महाराष्ट्रात पहिल्यांदा निवडलेल्या जिल्ह्यांत आपल्या शेजारचा सातारा होता, शिवाय सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा. ठरलेला औषधक्रम, केंद्रावर गोळ्यांचा पुरेसा साठा, नर्ससकट सगळ्यांनी मिळून काम, घराजवळ औषध आणि प्रत्येकाची नोंद, एवढ्याच गोष्टींवर तो उभा आहे. २०२२ मध्ये त्याला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. खेड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जे जमतं ते धायरीत का जमू नये?

गर्दीबद्दल. बीपी ताब्यात आलेल्या पेशंटला दर महिन्याला तुमच्यासमोर बसवायची गरज नाही. त्याला तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून द्या, मधे हवं तर ताईंकडे बीपी मोजून जाऊ दे, फी न घेता. त्यामुळे सुटलेला वेळ ज्याचं बीपी अजून वर आहे त्याला द्या. आमच्याकडे मार्केट यार्डात भाजीचा गाळा सांभाळणाऱ्या एक बाई येतात. पहाटेपासून त्या तिथे, संध्याकाळी सातला झोपायची वेळ. संध्याकाळच्या दवाखान्यात त्या कधीच आल्या नसत्या. त्यांच्यासारख्यांसाठी आठवड्यातून एक दुपार बीपीची ठेवली, आणि त्या आता चुकत नाहीत.

तज्ज्ञांकडे कुणाला पाठवायचं ते तुम्हाला माहीतच आहे, पण वाचकांसाठी लिहिते: तिशीच्या आत बीपी सुरू झालेले, तीन गोळ्या (त्यात एक लघवीची, म्हणजे लघवी वाढवणारी) नीट घेऊनही न उतरणारे, किडनीचा त्रास असलेले, आणि गरोदर बायका. बाकीचे आपलेच.

वडील हडपसरला एका सोसायटीत वॉचमन आहेत, बारा तास, जास्त करून रात्रपाळी. डोकं दुखलं की बीपीची गोळी घेतात, नाहीतर नाही. दोन वर्षांपूर्वीची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून पट्टी आणतात. सांगून ऐकत नाहीत.
– एक मुलगी

बाळ, वडील ऐकत नाहीत याचं कारण त्यांच्या दृष्टीने त्यांचं बरोबरच आहे. डोकं दुखलं, गोळी घेतली, डोकं थांबलं. डोकेदुखीवरून बीपी कळत नाही हे त्यांना कुणी दाखवून दिलेलं नाही. तेवढं तू कर. डोकं अजिबात दुखत नसताना त्यांना घेऊन बीपी मोजून आण, आणि दुखत असताना एकदा मोज. दोन्ही आकडे त्यांच्यासमोर लिही. माझ्या दवाखान्यात १७० बीपी असून ‘मला काही होत नाही’ म्हणणारे रोज येतात, आणि ते खोटं बोलत नसतात. बीपी आतल्या आत मेंदूच्या, हृदयाच्या, किडनीच्या रक्तवाहिन्या खराब करत जातं, त्याची कळ येत नाही.

रात्रपाळीवाल्यांना वाटतं की गोळी सकाळीच घ्यायची असते, आणि सकाळी तर ते झोपायला निघालेले असतात. मग राहून जाते. तर अशी सक्ती नाही. ब्रिटनमध्ये २१ हजारांहून जास्त पेशंटांवर झालेल्या ‘टाइम’ नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. गोळी सकाळी घ्या की रात्री, हार्ट ॲटॅक आणि पक्षाघाताच्या प्रमाणात फरक पडला नाही. रोज ठरलेल्या वेळी घेणं महत्त्वाचं. ड्युटीवर जाताना ते डबा भरून घेत असतील ना, त्या पिशवीच्या कप्प्यात पट्टी ठेव, जेवणाच्या वेळी घेऊ देत. त्यांच्या गोळ्यांत लघवीची गोळी असेल तर वेळ डॉक्टरांना विचारून ठरव, नाहीतर गेटवर पंचाईत व्हायची.

जुन्या चिठ्ठीवर आणलेली गोळी आज त्यांना लागू आहे की नाही हे मोजल्याशिवाय कळणार नाही. डॉक्टरांकडे जाच, आणि सोबत लघवीतलं प्रोटीन, रक्तातलं क्रिएटिनिन, पोटॅशियम, साखर आणि एक ईसीजी एवढं करून घे. पैशाची अडचण असेल तर महापालिकेच्या दवाखान्यात केसपेपर काढ. जनऔषधी केंद्रातही हीच औषधं मेडिकलपेक्षा पुष्कळ स्वस्तात मिळतात. नाव वेगळं दिसलं तर घाबरू नकोस, आतलं औषध तेच आहे का ते केंद्रातल्या फार्मासिस्टला विचार. आणि गुडघेदुखीसाठी ते रोज गोळी घेत असतील तर तेही डॉक्टरांना सांग. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी बीपी चढतं आणि किडनीवरही ताण येतो. हा प्रश्न विचारला गेला नाही म्हणून बीपीची गोळी उगाच वाढवलेले पेशंट मी पाहिलेत.

ॲम्लोडिपिन सुरू केल्यापासून संध्याकाळी पाय सुजतात. शेजारणीने ‘किडनी जाते’ म्हणून सांगितलं, मी गोळी बंद केली. चूक केली का?
– गृहिणी, वारजे

घाबरलात हे स्वाभाविक आहे. ॲम्लोडिपिनने घोट्यापाशी सूज येते ती पायातल्या बारीक रक्तवाहिन्या सैल झाल्यामुळे. किडनी खराब झाल्याचं ते लक्षण नाही. डोस जास्त असेल तर सूज जास्त, बायकांना थोडी अधिकच. तिच्यावर लघवीची गोळी घेऊन उपयोग होत नाही. डॉक्टर डोस कमी करून सोबत टेल्मिसार्टनसारखी गोळी देतील, तिने सूजही उतरते आणि बीपीही. नाहीतर गोळीच बदलतील. फक्त चार दिवस गोळीविना बसू नका, आजच फोन करा. सूज एकाच पायाला असेल, दुखत असेल, किंवा धाप लागत असेल तर गोष्ट निराळी, लगेच जाऊन दाखवा.

असाच आणखी एक त्रास: एनालाप्रिल, रामिप्रिल या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो आणि महिनोन्‌महिने खोकल्याची औषधं घेत बसतात. तीही गोळी बदलता येते.

आमच्याकडे सैंधवच वापरतो, मग मीठ कमी करायची गरज आहे का? आणि सर्पगंधा घेऊन ॲलोपॅथीच्या गोळ्या बंद करता येतील का?
– वाचक, सदाशिव पेठ

सैंधवातही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं, आपल्या नेहमीच्या मिठासारखंच. बीपीला त्याचा वेगळा फायदा नाही, आणि आयोडीन घातलेलं नसेल तर तेवढं नुकसानच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणते, म्हणजे सपाट चमचाभर, सगळं मिळून. आपण सरासरीने ८ ग्रॅमच्या आसपास खातो. ताटात वरून घेतलेलं मीठ बंद करणं सोपं, तिथून सुरुवात करा. पण आपल्या घरांत खरं मीठ लपलंय ते लोणच्याच्या खारात, पापडात, सांडगी मिरचीत, शेंगदाण्याच्या चटणीत, दुपारच्या चहाबरोबरच्या फरसाणात आणि बाकरवडीत. पापडखार आणि खायचा सोडा यांतही सोडियम असतं. पित्तासाठी पाण्यात टाकून फेस येणारी पावडर घेता ना, तिच्यातही. कुणालाही लोणचं आयुष्यभर सोडा असं मी सांगत नाही, कारण ते कुणी सोडत नाही. फोड घ्या, खार राहू द्या. आमटी-भाजीत मीठ थोडं थोडं कमी करत गेलं तर काही आठवड्यांत जिभेला सवय होते.

सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेलं मीठ बाजारात मिळतं. चीनमध्ये ६०० गावांत त्याचा मोठा अभ्यास झाला, २०२१ मध्ये निष्कर्ष आले, आणि पक्षाघाताचं प्रमाण खरोखर कमी झालं. पण किडनीचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी काही चालू असेल तर हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

सर्पगंधेबद्दल मला आदरच आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेचा बीपीवरचा परिणाम मांडला तेव्हा जगाचं लक्ष इकडे वळलं. पुढे १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातलं रिसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि ते जगभर वापरलं गेलं. म्हणजे सर्पगंधेने बीपी उतरतं यात वाद नाही. पण तिनेच काहींचं मन खचतं, नाक चोंदतं, नाडी मंदावते. म्हणून सौम्य औषधं आल्यावर ती मागे पडली. ती वनस्पती असली तरी औषधच आहे, आणि आधीच्या गोळ्यांवर गुपचूप घेतली तर बीपी नको इतकं खाली जाऊ शकतं. वैद्यांकडून घेत असाल तर दोन्हीकडे एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवा. आणि घसा बसला म्हणून ज्येष्ठमधाचा काढा रोज घेणाऱ्यांनो, ज्येष्ठमधाने बीपी वाढतं. चार दिवस ठीक, महिनाभर नको.

वय ३४. टेल्मिसार्टन चालू आहे, बीपी छान आहे. बाळाचा विचार करतोय.
– आयटीतली वाचक, बाणेर

दिवस राहण्याची वाट न बघता याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा आणि गोळी बदलून घ्या. टेल्मिसार्टन आणि त्या जातीच्या, तसंच रामिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, बाळाच्या किडनीला धोका असतो. गरोदरपणात चालणारी दुसरी औषधं आहेत. आपल्या मनाने मात्र बंद करून बसू नका.

रात्री अकराला यांचं बीपी १८२/१०४ आलं. आम्ही रिक्षा करून मोठ्या हॉस्पिटलात धावलो. रात्रभर ठेवून सकाळी घरी सोडलं, बिल मोठं झालं. कधी धावायचं आणि कधी नाही?
– बिबवेवाडी

हा प्रश्न प्रत्येक घरात लिहून ठेवण्यासारखा आहे. छातीत दुखणं किंवा दाब, धाप, बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय गळणं, एकदम दिसेनासं होणं, भान हरपणं, यातलं काहीही असेल तर आकडा कितीही असो, १०८ ला फोन करा आणि निघा. त्रास कधी सुरू झाला ती वेळ लक्षात ठेवा, पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

यातलं काहीच नसेल तर शांत बसवा, लघवीला जाऊन येऊ द्या, अर्ध्या तासाने नीट मोजा. त्या दिवसाची गोळी राहिली असेल तर द्या. १८०/१२० च्या खाली आणि माणूस ठणठणीत असेल तर सकाळी आपल्या डॉक्टरांकडे जा. त्याच्या वरच राहिलं तर डॉक्टरांना रात्रीच फोन करा. जिभेखाली कॅप्सूल फोडून बीपी झटक्यात उतरवायची पद्धत अजूनही काही ठिकाणी चालते, ती करू देऊ नका. एकदम कोसळलेल्या बीपीने मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठा तुटतो.

मी मुळशी तालुक्यात आशा आहे. घरोघर तिशीच्या पुढच्यांचे फॉर्म भरते, बीपी जास्त निघालं की आरोग्य केंद्रात जा म्हणून चिठ्ठी देते. निम्मे लोक जातच नाहीत. गेलेले म्हणतात, तिथे पुन्हा मोजलं तर कमी आलं. माझ्यावरचा विश्वास जातो. काय करू?

ताई, तुमच्या मोजण्यात खोट आहे असं समजू नका. तुम्ही पोहोचता तेव्हा माणूस नुकता शेतावरून आलेला असतो, दारात उभा असतो, चारजणं भोवती बोलत असतात. घरात गेल्यावर आधी फॉर्मचे प्रश्न उरकू नका, त्यांना भिंतीला टेकून किंवा खुर्चीत बसवा, मग शेवटी बीपी मोजा, दोन वेळा. हात उशीवर ठेवा. जास्त आलं तरी ‘तुम्हाला बीपी आहे’ असं म्हणू नका, ‘दोन-तीन वेळा बघावं लागेल’ म्हणा. म्हणजे केंद्रात कमी आलं तरी तुमचा शब्द खोटा पडत नाही.

चिठ्ठी देताना गावाजवळच्या उपकेंद्राचं, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिराचं, नाव आणि वार सांगा. समुदाय आरोग्य अधिकारी कोणत्या दिवशी नक्की असतात आणि गोळ्या आल्यात का, हे आधी त्यांना फोन करून विचारून घ्या. मजुरी बुडवून गेलेला माणूस रिकाम्या हाताने परतला की तो पुन्हा जात नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. पहिल्या वेळी दोघा-तिघांना मिळून पाठवा. बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेतल्या गावांमध्ये तुमच्यासारख्याच कार्यकर्त्यांनी घरी जाऊन बीपी मोजलं, समजावलं, दवाखान्यात पाठवलं, आणि त्या गावांतल्या पेशंटांचं वरचं बीपी बाकीच्या गावांपेक्षा साधारण ५ ने जास्त उतरलं. २०२० मध्ये छापून आलेला अभ्यास आहे हा, तुमच्या मीटिंगमध्ये जरूर सांगा.

आणि गोळी सुरू झालेल्यांच्या घरी पुढच्या फेरीत गेलात की रिकामी पट्टी मागा. सांगण्यापेक्षा पट्टीवरून जास्त कळतं. निम्म्या गोळ्या उरल्या असतील तर का, ते तिथेच विचारा, आणि उत्तर समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांच्या कानावर घाला.